‘रेव्होल्युशनरी रोड’ कसा बघावा, कसा दाखवावा आणि नंतर काय बोलावं

नवराबायकोच्या भांडणाचा सिनेमा लागला की आपण सगळे पंच होऊन बसतो. तिचं चुकलं, त्याचं जास्त चुकलं, त्याने जरा ऐकायला हवं होतं, तिने जरा दमाने घ्यायला हवं होतं. ‘रेव्होल्युशनरी रोड’ असा बघितला तर हाती काही लागत नाही. फ्रँक आणि एप्रिल व्हीलर दोघंही चुकतात हे फार लवकर कळतं, आणि तेवढ्यावर निकाल देऊन टाकला की पुढे फक्त आरडाओरडा उरतो. म्हणून माझं पहिलं सांगणं असं: बोलणाऱ्याकडे नको, ज्याला ते बोललं जातंय त्याच्याकडे बघा. तो ऐकतोय का, ऐकल्यासारखं करतोय, की आपल्या पुढच्या वाक्याची तयारी करतोय, तेवढं टिपत गेलात तरी हा सिनेमा उलगडतो.

मी सांगलीत हौशी नाटकं बसवते. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी सुरू व्हायच्या आधी नव्या मुलामुलींना हा सिनेमा दाखवते, आणि अधूनमधून रविवारी दुपारी ओळखीच्या जोडप्यांसाठीही लावते. त्या अनुभवावरून हे लिहिते आहे. यात शेवटही सांगून टाकला आहे. ज्यांना कथा अगदी कोरी हवी, त्यांनी आधी सिनेमा बघून यावा.

लावण्याआधी

सिनेमा 2008 चा, लांबी 119 मिनिटं, दिग्दर्शक सॅम मेंडिस. रिचर्ड येट्स यांच्या 1961 च्या कादंबरीवरून जस्टिन हेथ यांनी पटकथा लिहिली आहे. फ्रँकच्या भूमिकेत लिओनार्डो डिकॅप्रिओ, एप्रिलच्या भूमिकेत केट विन्स्लेट. ‘टायटॅनिक’नंतर अकरा वर्षांनी ही दोघं पुन्हा एकत्र आली, त्यामुळे निरोप पाठवताना ‘टायटॅनिकची जोडी’ असं लिहिण्याचा मोह होतो. तो टाळा. त्या ओढीने आलेली माणसं पहिला अर्धा तास जॅक आणि रोझलाच शोधत बसतात, आणि समोर उभी असलेली दोन दमलेली माणसं त्यांना दिसतच नाहीत.

इंग्रजी सबटायटल्स चालू ठेवा. इंग्रजी चांगलं येणाऱ्यांसाठीसुद्धा. भांडणात दोघंही एकमेकांची वाक्यं तोडतात आणि तोडलेल्या अर्ध्या वाक्यातच पुष्कळदा खरं बोलणं असतं.

शेवटाकडे एप्रिल घरी, एकटीने, स्वतःच स्वतःचा गर्भपात करायला जाते आणि त्यात तिचा जीव जातो. पडद्यावर ती कृती दाखवलेली नाही, पण रक्त दिसतं. हे आलेल्या सगळ्यांना सुरुवातीलाच सांगा. कोणाच्या घरात काय होऊन गेलंय हे आपल्याला ठाऊक नसतं, आणि विचारायचंही नसतं. दाराजवळच्या दोनचार खुर्च्या मोकळ्या ठेवा आणि उठून बाहेर गेलेल्या बाईच्या मागे चौकशीला कोणी धावू नये, एवढं बघा.

आणि हॉलमध्ये पंखे असतील तर शेवटच्या पाच मिनिटांत ते बंद करायला एक माणूस बटणापाशी बसवा. कारण पुढे येईल.

दोन गोष्टी आधी समजावून सांगा

कथा 1955 मधली, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातली. न्यूयॉर्कपासून आगगाडीच्या टप्प्यात असलेली ही उपनगरं महायुद्धानंतर झपाट्याने भरत गेली. लढाईवरून परतलेल्या सैनिकांना 1944 च्या कायद्याने शिक्षणाला मदत आणि घराला स्वस्त कर्ज मिळालं. हिरवळ, मोटार, दोन मुलं, सकाळी शहराकडे जाणारा नवरा, असा एक संसार लाखो घरांत एकाच वेळी मांडला गेला. फ्रँकही त्यातलाच. युद्धात युरोप बघून आलेला, आणि आता न्यूयॉर्कमधल्या नॉक्स बिझनेस मशिन्समध्ये नोकरी. त्याचे वडीलही याच कंपनीत विक्रेते होते. वडिलांसारखं आयुष्य जगायचं नाही म्हणणारा मुलगा वडिलांच्याच कंपनीच्या पायऱ्या चढतो. ग्रँड सेंट्रल स्टेशनवर करडे कोट आणि टोप्या घातलेल्या पुरुषांचा लोंढा दिसतो, तेव्हा त्या गर्दीत फ्रँकला शोधायला सांगा. वेळ लागतो, आणि तो लागावा म्हणूनच ते दृश्य तसं घेतलं आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. चर्चेत कोणीतरी हमखास विचारतं, ‘मूल नको होतं तर काळजी का नाही घेतली? डॉक्टरकडे का नाही गेली?’ याचं उत्तर सिनेमात सापडत नाही, ते त्या राज्याच्या कायद्यात आहे. कनेटिकटमध्ये 1879 पासून गर्भनिरोधक साधन वापरणं हाच गुन्हा होता. विवाहितांनासुद्धा. तो कायदा मोडीत निघाला 1965 मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. गर्भपात तर गुन्हा होताच, त्याला देशभर घटनात्मक संरक्षण मिळालं 1973 मध्ये, आणि 2022 मध्ये ते काढूनही घेतलं गेलं. एप्रिलच्या हातात रबरी पिचकारी येते आणि पहिल्या बारा आठवड्यांत केलं तर धोका नाही ही ऐकीव माहिती असते, त्याचं कारण हे आहे. मराठी माणसाने इथे क्षणभर थांबावं. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र 1921 मध्ये उघडलं होतं, आणि 1927 पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. लोकांच्या शिव्या खाल्ल्या, खटले झाले, पण छापणं सोडलं नाही. 1953 मध्ये ते गेले. त्यानंतर दोन वर्षांनी घडणाऱ्या या कथेतल्या सुशिक्षित, खात्यापित्या घरच्या बाईला तिच्या राज्यात जे उघडपणे मागता येत नव्हतं, त्याबद्दल इथे एक माणूस गावभर बोलत होता. अमेरिका म्हणजे पुढारलेली, हा समज बाजूला ठेवल्याशिवाय एप्रिलची कोंडी कळत नाही.

पहिलं भांडण आवाज बंद करून बघा

सिनेमाची सुरुवात एका पार्टीतल्या भेटीने होते आणि तिथून आपण थेट एका हौशी नाटकाच्या पडद्यावर येतो. नाटक पडलंय. एप्रिलला अभिनेत्री व्हायचं होतं, आणि गावातल्या मंडळींनी बसवलेल्या या प्रयोगात ती उघडी पडली आहे. प्रेक्षक उठताना पुटपुटतात ते फ्रँकला ऐकू येतं. ज्यांनी कधी पडलेल्या प्रयोगानंतर मेकअप उतरवला आहे त्यांना ती घटका सांगावी लागत नाही. त्या वेळी माणसाला समजूत नको असते. कोणी शेजारी गप्प बसावं एवढंच हवं असतं.

आणि फ्रँकला गप्प बसता येत नाही.

गाडीतून घरी येताना तो बोलत राहतो. ती म्हणते, आता नको. तो म्हणतो, मी फक्त बरं वाटावं म्हणून. ती पुन्हा नको म्हणते. आता त्याला तिचं दुःख बाजूला राहून स्वतःचा अपमान दिसायला लागतो. गाडी रस्त्याच्या कडेला थांबते, ती उतरते, तो मागोमाग, आणि हात उगारून शेवटी गाडीवरच मुठी आपटतो.

हा प्रसंग मी आधी आवाज बंद करून दाखवते. शब्द गेले की अंतर दिसतं: कोण पुढे येतं, कोण मागे सरतं. ती अंतर मागते आणि तो ते मिटवत येतो, एवढाच या भांडणाचा नकाशा आहे. मग आवाज लावून पुन्हा बघा. आता कळतं की फ्रँकच्या बोलण्यात ‘मी’ किती वेळा येतो. नाटक तिचं पडलं आणि दोष आपल्याला लागू नये म्हणून धडपडतोय तो. पुढची सगळी भांडणं याच चालीवर आहेत. हे एक नीट बसलं की उरलेली आपोआप वाचता येतात.

घरी हे एकट्याने करायचं असेल तरी करा. दहा मिनिटांचं काम आहे.

पॅरिसचं स्वप्न

फ्रँकच्या तिसाव्या वाढदिवशी एप्रिल प्रस्ताव मांडते: सगळं विकून पॅरिसला जाऊ, मी तिथे सेक्रेटरीची नोकरी करते, तू तुला खरंच काय करायचंय ते शोध. इथे प्रेक्षक दोन गोष्टी चुकवतात. पहिली म्हणजे हा नुसता हवेतला मनोरा नाही. साठवलेले पैसे किती महिने पुरतील, घर आणि गाडी विकून काय येईल, तिचा पगार किती, याचा हिशेब तिने केलेला आहे. तिला स्वप्नाळू म्हणून मोकळं होणाऱ्यांना हा भाग पुन्हा दाखवा.

दुसरी म्हणजे फ्रँकचा चेहरा. वाढदिवशी तो घरी येतो तो ऑफिसातल्या एका मुलीबरोबर दुपार घालवून. घरात केक आहे, मुलं आहेत, बायको प्रेमाने वागते आहे. पॅरिसला तो ‘हो’ म्हणतो यात अपराधीपण किती आणि आनंद किती, हे डिकॅप्रिओने फार बारकाईने धरून ठेवलंय. आणि एक भीतीही आहे. नोकरी वाईट म्हणून आपलं काही झालं नाही, असं इतके दिवस म्हणता येत होतं. पॅरिसला गेल्यावर ते म्हणता येणार नाही. तिथे खरोखर काहीतरी निघावं लागेल. ती त्याला मोकळीक देते आहे असं तिला वाटतं, त्याला ती परीक्षा वाटते. एकच वाक्य दोन कानांवर दोन तऱ्हेने पडतं ते असं.

मग नोकरीत बढतीची वाट दिसते. गंमत म्हणून, निष्काळजीपणे सांगून लिहून घेतलेलं एक टिपण वरच्या साहेबांना आवडतं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मोठा माणूस फ्रँकला म्हणतो की तुझ्यात काहीतरी आहे. त्या टेबलावर तो किती मन लावून ऐकतो बघा. घरी तसं ऐकताना तो दिसत नाही.

जॉन आला की बाकीच्यांकडे बघा

घर विकणाऱ्या हेलन गिव्हिंग्जचा मुलगा जॉन गणितज्ञ होता. आता मनोरुग्णालयात आहे, विजेचे झटके देऊन झालेत. मायकेल शॅनन यांना या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं, आणि प्रसंग आहेत फक्त दोन. पहिल्या भेटीत लोक हसतात. हसू द्या. तो व्हीलर जोडप्याच्या पॅरिसच्या बेताला मनापासून दाद देतो आणि एप्रिलला वाटतं, चला, एक तरी माणूस आपलं बोलणं समजणारा भेटला. तो माणूस वेड्यांच्या दवाखान्यातून दुपारपुरता बाहेर आलेला आहे.

दुसऱ्या भेटीत, एप्रिलला पुन्हा दिवस गेल्यामुळे पॅरिस रद्द झाल्याचं कळतं आणि जॉन फ्रँकला फाडून काढतो. शॅनन इतके जबरदस्त आहेत की नजर त्यांच्यावरून हलत नाही, म्हणूनच मुलांना सांगते, मुद्दाम हलवा. हेलन (कॅथी बेट्स) विषय बदलायला किती धडपडते, जॉनचे वडील कसे गप्प राहतात, एप्रिल कशी ऐकते. फ्रँक अंगावर धावून जातो. कारण जॉन खोटं बोलत असता तर फ्रँकने हसून सोडून दिलं असतं.

न्याहारीचा प्रसंग

तालमीसाठी एकच प्रसंग निवडायचा तर मी हा निवडीन. आदल्या रात्री भयंकर भांडण झालंय, एप्रिल रानात पळून गेली होती. सकाळी फ्रँक चाचपडत खाली येतो तर स्वयंपाकघर स्वच्छ, एप्रिल नीटनेटकी, आणि ती विचारते की अंडी कशी करू. तो दबकत बसतो. ती त्याच्या नव्या कामाबद्दल विचारते. तो सांगायला लागतो, संगणक म्हणजे काय हे समजावून देताना आकृती काढून दाखवतो, आणि हळूहळू त्याचा आवाज मोकळा होतो. ती प्रश्न विचारते, मान डोलावते. जाताना त्याला वाटतं, किती छान न्याहारी झाली.

सबंध सिनेमात कोणीतरी कोणाचं पूर्ण ऐकून घेतं असा हाच प्रसंग. मध्ये तोडणं नाही, स्वतःचं घुसवणं नाही. फ्रँकला जन्मभर हवी होती तशी बायको समोर बसली आहे. आणि एप्रिलचा निर्णय झालेला आहे, ती त्या टेबलावर उरलेलीच नाही. केट विन्स्लेट कुठेही सूचक हसत नाही, डोळ्यांत पाणी आणत नाही, प्रेक्षकाला काही कळवायचा प्रयत्नच करत नाही. ती फक्त नीट वागते. आपल्याकडची कोणतीही नवी अभिनेत्री इथे एखादा उसासा टाकेल, आणि तिथेच प्रसंग पडेल. तो पाठमोरा झाल्यावरच तिचा चेहरा बदलतो.

हा प्रसंग मुलांकडून मराठीत करून घ्या, अंडी-संगणक सोडून. नवरा बँकेतल्या नव्या सॉफ्टवेअरबद्दल सांगतोय, बायको पोहे वाढतेय. बायकोचं काम करणारीला एकच सूचना द्या: सगळं खरोखर ऐक, आणि नंतर मला त्याने काय सांगितलं ते सांग. या सूचनेमुळे उसासे आपोआप बंद होतात.

पुढचा भाग, ती खिडकीपाशी उभी राहते तो, मध्ये थांबवू नका आणि त्यावर काही बोलूही नका.

आता पंख्यांचं. एप्रिल गेल्यावर शेजारी आपापल्या परीने तिच्याबद्दल बोलतात. अगदी शेवटी हेलन आपल्या नवऱ्याला सांगत बसते की ते व्हीलर लोक मुळातच कसे विचित्र होते. याच बाईने त्यांना घर दाखवलं होतं, कौतुक केलं होतं. म्हातारा ऐकता ऐकता कानातल्या यंत्राचा आवाज कमी करतो, आणि तिचं बोलणं आपल्यालाही ऐकू येईनासं होतं. हॉलमध्ये पंखे घरघरत असतील तर लोकांना वाटतं स्पीकर गेला, कोणीतरी उठून वायर हलवायला जातं आणि दिग्दर्शकाने दोन तास ज्याची तयारी केली ते हातचं जातं.

चर्चा

दिवे लावल्या लावल्या सुरू करू नका. चहा द्या, माणसं थोडी हलू द्या. नवराबायको शेजारी बसले असतील तर चर्चेसाठी जागा बदलायला सांगा. शेजारी बसलेला माणूस स्वतःच्या जोडीदाराला टोमणा बसेल असं बोलतो, किंवा तसं वाटू नये म्हणून काहीच बोलत नाही. दोन्हीने नुकसान. स्वतःच्या संसाराबद्दल कोणी बोलायला लागलं तर ऐका, पण कोणालाही बोलायला लावू नका.

पहिला प्रश्न ‘चूक कोणाची’ हा ठेवू नका. मी विचारते: या सिनेमातलं असं एक वाक्य सांगा जे कोणीच ऐकलं नाही. दरवेळी वेगळी वाक्यं निघतात. फ्रँक दुसऱ्या बाईबद्दल कबुली देतो तेव्हा एप्रिल चिडत नाही, एवढंच विचारते की हे मला का सांगतोस. तो तिच्या रागाची वाट बघत होता, हा प्रश्न त्याच्या कानात शिरतच नाही. यावर एकदा बोलणं लागलं की थांबत नाही.

एक आक्षेप नक्की येईल: घर आहे, पैसा आहे, नवरा दारू पिऊन मारत नाही, मग दुःख कसलं? हे म्हणणाऱ्याला झोडपू नका, तो प्रामाणिक असतो. त्याला विचारा, सिनेमातलं कोण असं म्हणेल? शेजारीण मिली म्हणेल, हेलन म्हणेल, ऑफिसातले मित्र तर जवळजवळ म्हणतातच. मग पुढचं विचारा: हे म्हणून त्यांना काय मिळतं? शेजारच्याचं दुःख खोटं ठरलं की आपलं झाकलेलं राहतं, हे उत्तर बहुतेक वेळा तोच माणूस देतो.

सिनेमाची उणीवही बोलायला हवी. दोन मुलं आहेत या घरात, जेनिफर आणि मायकेल, आणि पडद्यावर ती फारच थोडी दिसतात. एवढ्या आवाजात वाढणारी मुलं कुठे बसून ऐकत असतील, ते मेंडिस दाखवत नाहीत. ऐकण्यावरच्या सिनेमात सगळ्यात जास्त ऐकणाऱ्यांना बाहेर खेळायला पाठवलंय, हे मला आजही खटकतं. ज्यांच्या घरात अशी भांडणं झाली आहेत ते प्रेक्षक हा मुद्दा स्वतःहून काढतात.

कादंबरी

सिनेमानंतर वाचा, आधी नको. येट्स फ्रँकच्या डोक्यात शिरून बसतात. बोलताना तो स्वतःला कसं बघतो, आपण कसे दिसत असू याचा किती विचार करतो, ते कॅमेऱ्याला पुरतं पकडता आलेलं नाही. एप्रिलच्या मनात मात्र ते अगदी शेवटाकडे, त्या न्याहारीच्या दिवशी नेतात. तालमीचा प्रसंग न्याहारीचा निवडला असेल, तर एप्रिलचं काम करणारीला कादंबरीतला तो भाग प्रयोग झाल्यावरच द्या. आधी दिला तर तिच्या चेहऱ्यावर तो दिसायला लागतो.